३९-ए वरून सुटलेली गाडी

मुलांनो, घरात भूगोलाचा नकाशासंग्रह असेल तर काढा पाहू! उत्तर अमेरिकेच्या पानावर उजव्या बाजूला, अगदी खाली, समुद्रात बोट बुडवावं तसा एक प्रदेश दिसेल. तो फ्लोरिडा. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, साधारण मध्यावर, जमिनीचं एक छोटंसं कोपर अटलांटिक महासागरात शिरलेलं आहे. त्याचं नाव केप कॅनव्हरल. स्पॅनिश दर्यावर्दींनी ठेवलेल्या या नावाचा अर्थ आहे बोरूचं रान.

आपल्याकडे स्टेशनातून गाडी सुटते ना, तशी इथून चंद्राची गाडी सुटते, मंगळाची सुटते. आणि २०१८ साली तर इथून खरोखरची गाडी सुटली! चार चाकांची, लाल रंगाची, वर टप नसलेली मोटारगाडी. ती अजूनही सूर्याभोवती फिरते आहे. कुठे निघाली आहे ती? कधी परत येईल का? चला, आज या गाडीचा माग काढूया. पण आधी स्टेशन तर बघून घेऊ.

मगरींच्या शेजारचं स्टेशन

केप कॅनव्हरलच्या शेजारी मेरिट नावाचं एक बेट आहे. त्याच्या एका बाजूला बनाना नदी आणि दुसऱ्या बाजूला इंडियन नदी. नाव ऐकून हुरळून जाऊ नका हं! हे इंडियन म्हणजे आपण नव्हे, तिथले मूळ रहिवासी. आणि नावं नदीची असली तरी या दोन्ही खाऱ्या पाण्याच्या उथळ खाड्या आहेत. त्यात मॅनटी नावाच्या गलेलठ्ठ समुद्रगाई आरामात चरत असतात. काठच्या दलदलीत अ‍ॅलिगेटर जातीच्या मगरी ऊन खात पडलेल्या असतात. बेटाचा मोठा भाग अभयारण्य म्हणून राखून ठेवलेला आहे. त्याच बेटावर आहे केनेडी अवकाश केंद्र.

तुम्ही म्हणाल, मगरींच्या शेजारी कशाला अग्निबाण उडवायचे? कारण साधं आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे गरगर फिरते. विषुववृत्ताजवळ हा वेग सगळ्यात जास्त. केप कॅनव्हरलला जमीनच ताशी सुमारे १,४७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे पळत असते! अग्निबाण पूर्वेकडे सोडला की हा वेग त्याला फुकटात मिळतो. शिवाय पूर्वेला आहे नुसता समुद्र. एखादा अग्निबाण फुटलाच तर त्याचे तुकडे कुणाच्या घरावर पडत नाहीत. आपलं श्रीहरिकोटाही पूर्व किनाऱ्यावरच का आहे, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

इथे एक प्रचंड इमारत आहे. १६० मीटर उंच! चंद्रावर जाणारे सॅटर्न-५ अग्निबाण या इमारतीत उभेच्या उभे जोडले जात. मग एक अजस्र, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारं वाहन त्यांना पाठीवर घेऊन निघे. वेग किती? ताशी जेमतेम दीड किलोमीटर! तुम्ही शाळेत चालत जाता ना, त्याच्याहूनही हळू. अवकाशात सेकंदाला दहा-अकरा किलोमीटर पळणाऱ्या अग्निबाणाचा पहिला प्रवास असा गोगलगाईच्या चालीचा.

फलाट क्रमांक ३९-ए

या प्रवासाचं शेवटचं ठिकाण म्हणजे उड्डाणतळ ३९-ए. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचा एक काँक्रीटचा उंचवटा. पण याच्याइतका इतिहास पाहिलेला फलाट जगात क्वचितच सापडेल. १६ जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि त्यांचे दोन साथीदार इथूनच चंद्राकडे निघाले. १६ जानेवारी २००३ रोजी कल्पना चावला यांचं कोलंबिया यान इथूनच उडालं, ते सुखरूप परत आलं नाही. आणि २५ जून २०२५ रोजी आपले शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकाकडे झेपावले तेही इथूनच.

आता एक गंमत सांगू? २०१८ ची लाल गाडी ही काही या फलाटावरून सुटलेली पहिली गाडी नव्हे. १९७१ आणि १९७२ साली अपोलो १५, १६ आणि १७ ही तीन याने इथून गेली. प्रत्येकात घडी करून ठेवलेली एक विजेवर चालणारी चंद्रगाडी होती. वजन साधारण २१० किलो. टायर रबराचे नव्हते, तर तारांच्या जाळीचे. अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी तर आपली गाडी चंद्रावर एकंदर सुमारे ३६ किलोमीटर हिंडवली. मध्येच चाकावरचा मडगार्ड तुटला. त्यांनी काय केलं? जवळचे नकाशे चिकटपट्टीने जोडून नवा मडगार्ड तयार केला! त्या तिन्ही गाड्या आजही चंद्रावर जिथल्या तिथे उभ्या आहेत.

त्या गाड्या कामाच्या होत्या. चौथी गाडी मात्र चालवण्यासाठी पाठवलेलीच नव्हती.

६ फेब्रुवारी २०१८

स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीने ३९-ए हा तळ २०१४ साली भाड्याने घेतला. तिने ‘फाल्कन हेवी’ नावाचा नवा अग्निबाण बांधला होता. ७० मीटर उंच, तीन अग्निबाण शेजारी शेजारी बांधल्यासारखा, आणि खाली २७ इंजिनं! नवा अग्निबाण पहिल्यांदा उडवताना कुणी त्यात महागडा उपग्रह ठेवत नाही. उडताना फुटला तर? म्हणून नुसतं वजन ठेवतात, काँक्रीटचे नाही तर लोखंडाचे ठोकळे. बसची चाचणी घेताना प्रवाशांऐवजी वाळूची पोती ठेवावीत तसंच.

कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांना ठोकळे काही पसंत पडेनात. त्यांनी स्वतःची टेस्ला रोडस्टर ही विजेवर चालणारी मोटारच अग्निबाणाच्या टोकात बसवली. चालकाच्या जागी अंतराळवीराचा पोशाख घातलेला एक पुतळा. त्याचं नाव स्टारमॅन. त्याचा उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावं कोपर ऐटीत दारावर टेकलेलं! डॅशबोर्डवर त्याच गाडीचं एक चिमुकलं खेळणं, आणि त्यात चिमुकला स्टारमॅन. गाडीतल्या एका विद्युत पट्टीवर कोरलं होतं, की ही पृथ्वीवर माणसांनी बनवली आहे. गाडीत गाणंही लावून ठेवलं होतं. पण अवकाशात हवाच नाही, मग आवाज कुठून जाणार? ते गाणं पुतळ्यालासुद्धा ऐकू गेलं नसेल.

त्या दिवशी उंचावरच्या जोराच्या वाऱ्यांमुळे उड्डाण लांबलं. अखेर तिथल्या घड्याळात दुपारचे पावणेचार वाजले (आपल्याकडे तेव्हा ७ तारखेच्या मध्यरात्रीनंतरचे सव्वादोन झाले होते) आणि २७ इंजिनं एकदम धडाडली. खाडीच्या काठांवर आणि समुद्रकिनाऱ्यावर हजारो माणसं जमली होती. सुमारे आठ मिनिटांनी बाजूचे दोन्ही अग्निबाण आकाशातून परत आले आणि जवळजवळ एकाच वेळी, शेजारी शेजारी, पायांवर उभे राहिले. मधला मात्र चुकला. उतरताना त्याची सगळी इंजिनं पेटली नाहीत आणि तो समुद्रातल्या तराफ्याजवळ पाण्यावर आदळला.

गाडी पृथ्वीभोवती सहाएक तास फिरली. निळीपांढरी पृथ्वी मागे, काळंकुट्ट आकाश पुढे, आणि मध्ये हेडलाइटवाली लाल मोटार, हे दृश्य जगभर लोकांनी थेट पाहिलं. मग वरच्या टप्प्याचं इंजिन शेवटचं एकदा पेटलं आणि गाडी पृथ्वीची ओढ तोडून निघाली. काही तासांनी कॅमेऱ्यांची बॅटरी संपली. तेव्हापासून गाडीकडून काहीही खबर नाही.

दोन टाचण्या आणि एक दोरा

मग ती कुठे आहे हे कळतं कसं? गणिताने! गुरुत्वाकर्षणाचे नियम ठरलेले आहेत. गाडी कुठून, किती वेगाने, कोणत्या दिशेने गेली हे ठाऊक असलं की पुढचा रस्ता मांडता येतो. हा रस्ता तुम्हालाही काढता येईल.

एक मोठा कागद पुठ्ठ्यावर ठेवा. (टाचण्या टोचताना आई-बाबांची मदत घ्या.) ६.८ सेंटिमीटर अंतरावर दोन टाचण्या टोचा. दोऱ्याची ३३.३ सेंटिमीटर घेराची कडी बांधून दोन्ही टाचण्यांभोवती टाका. पेन्सिलीने दोरा ताणून धरत पूर्ण फेरी मारा. किंचित लांबट वर्तुळ मिळालं ना? ही आपल्या गाडीची कक्षा! एक टाचणी म्हणजे सूर्य. आता त्या टाचणीपासून १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, ती पृथ्वीची वाट. मग १५.२ सेंटिमीटरचं काढा, ती साधारण मंगळाची वाट.

आता नीट बघा. गाडीची कक्षा एका टोकाला मंगळाची वाट ओलांडून जाते. तिथे ती सूर्यापासून सुमारे २४ कोटी ९० लाख किलोमीटर दूर असते. आणि दुसऱ्या टोकाला? तिथे ती पृथ्वीच्या वाटेला जवळजवळ चिकटते. का बरं? कारण इंजिन एकदा बंद पडलं की वस्तू फिरून फिरून त्याच जागी येते, जिथे तिला शेवटचा धक्का मिळाला होता. गाडीला तो धक्का पृथ्वीपाशी मिळाला. म्हणून दर फेरीत तिला पृथ्वीच्या वाटेवर यावंच लागतं.

मग ती आपल्यावर आदळत का नाही? कारण ती वाटेवर येते तेव्हा आपण तिथे नसतो! गाडीला एका फेरीला सुमारे ५५७ दिवस लागतात, पृथ्वीला ३६५. ऑगस्ट २०१९ मध्ये गाडीची पहिली फेरी पुरी झाली, तेव्हा पृथ्वी दीड फेरी मारून सूर्याच्या पार पलीकडे गेली होती.

वेगाचाही थोडा हिशेब करू. ही मोटार रस्त्यावर फार तर ताशी २०० किलोमीटर पळू शकायची. तिची आताची एक फेरी सुमारे १२२ कोटी किलोमीटरची आहे. रस्त्यावरच्या वेगाने ती पुरी करायला जवळजवळ ७०० वर्षं लागली असती. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही तीनशे वर्षं आधी निघालेली गाडी आत्ता कुठे पोचली असती!

७ ऑक्टोबर २०२० रोजी ही गाडी मंगळापासून सुमारे ७४ लाख किलोमीटरवरून गेली. चंद्र आपल्यापासून जेवढा दूर आहे, त्याच्या १९ पट अंतर. ती मंगळावर थांबली का नाही, असं विचारताय? थांबायला ब्रेक लागतो आणि अवकाशात ब्रेक म्हणजे उलटं पेटवलेलं इंजिन. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपल्या मंगळयानाने मंगळापाशी सुमारे २४ मिनिटं इंजिन पेटवून वेग कमी केला, म्हणून मंगळाने त्याला धरून ठेवलं. या गाडीत तशी सोय नाही आणि इंधनही उरलेलं नाही.

गाडी की लघुग्रह?

२ जानेवारी २०२५ रोजी एक मजेदार प्रकार घडला. आकाशातल्या लघुग्रहांची जगाची नोंदवही अमेरिकेतलं एक केंद्र सांभाळतं. त्या केंद्राने एक नवा लघुग्रह जाहीर केला. त्याला २०१८ सीएन ४१ असा क्रमांकही दिला. तुर्कस्तानातल्या एका हौशी आकाशनिरीक्षकाने जुन्या नोंदी चाळून तो शोधला होता. पण थोड्याच वेळात त्यालाच शंका आली. हा रस्ता तर ओळखीचा दिसतो! एक दिवससुद्धा उलटायच्या आत केंद्राने नाव खोडून टाकलं. तो लघुग्रह नव्हता, ती आपली लाल गाडी होती, अजून रॉकेटच्या वरच्या टप्प्याला जोडलेली.

असं पूर्वीही झालं आहे. २००७ साली युरोपचं रोझेटा यान पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा त्यालाही चुकून लघुग्रह ठरवलं गेलं होतं. आणि २००२ साली तर पृथ्वीभोवती फिरणारी एक अनोळखी वस्तू सापडली. तिच्यावरून येणारा प्रकाश तपासला, तर तो पांढऱ्या रंगाच्या लेपाशी जुळला. दगडाला कोण रंग लावणार? शास्त्रज्ञांचा निष्कर्ष असा, की तो १९६९ साली याच ३९-ए वरून गेलेल्या अपोलो १२ च्या अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा. सूर्याभोवती तीस-एक वर्षं भटकून तो घराकडे आला, थोडे दिवस राहिला, आणि २००३ साली पुन्हा निघून गेला. म्हणजे ‘गेली ती गेली’ असं अवकाशात म्हणता येत नाही बरं का!

कॅरमची सोंगटी

मग आपली गाडी कधी परतेल? कॅनडा आणि चेक देशातल्या तीन शास्त्रज्ञांनी २०१८ सालीच हे गणित संगणकावर मांडलं. त्यांना असं दिसलं, की २०९१ साली गाडी पृथ्वीच्या खूप जवळ येईल. काही लाख किलोमीटरवर, म्हणजे साधारण चंद्राएवढ्या अंतरावर. तेव्हा ती आदळणार नाही. पण पृथ्वी तिला ओढ देईल आणि तिची वाट बदलेल.

आणि इथेच गणिताची पंचाईत होते. तुम्ही कॅरम खेळता ना? स्ट्रायकर केसभर तिरका लागला तरी पहिल्या फटक्यात फारसा फरक दिसत नाही. पण तोच स्ट्रायकर तीन-चार कडांवर आपटून आला की पार भलतीकडे जातो. गाडीचं तसंच. ग्रहाजवळून जाण्याची प्रत्येक वेळ म्हणजे एक कड. आज तिची जागा मोजण्यात राहिलेली बारीकशी चूक दर भेटीत वाढत जाते. मग लाख वर्षांनी ती नेमकी कुठे असेल, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून त्या शास्त्रज्ञांनी एकच गाडी न सोडता संगणकात शेकडो गाड्या सोडल्या. प्रत्येकीची सुरुवात केसभर वेगळी. मग किती गाड्या कुठे पोचतात ते मोजलं. उत्तर असं आलं: पुढच्या दहा लाख वर्षांत गाडी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता शंभरात सहा, शुक्रावर आदळण्याची शंभरात अडीच. कुठे ना कुठे आदळून संपायला तिला काही कोटी वर्षंही लागतील.

घाबरायचं कारण मात्र नाही. मोटारीएवढी वस्तू वातावरणात शिरली की तिचा बहुतेक भाग जळून जातो. शिवाय तोवर गाडी गाडीसारखी राहणारही नाही. वातावरणाचं पांघरूण नसल्यामुळे सूर्याचे अतिनील किरण आणि इतर प्रारण तिच्यावर सतत मारा करतात. त्याने आसनं, टायर, रंग, प्लॅस्टिक हळूहळू ठिसूळ होऊन तुटतं. बारीक बारीक अवकाशधूळ तिला ओरखडे पाडते. धातूचा सांगाडा आणि काचा तेवढ्या दीर्घकाळ टिकतील.

वहीत नोंद हवी

एवढं सगळं वाचून घरातली मोठी माणसं विचारतील, हा नुसता पैशांचा खेळ नाही का? हा प्रश्न तेव्हाही जगभर विचारला गेला. काहीजण म्हणाले, ठोकळ्याऐवजी एखादं विज्ञानाचं उपकरण पाठवलं असतं तर बरं झालं असतं. काहीजण म्हणाले, एका मोटारीमुळे लाखो मुलं त्या रात्री आकाशाकडे बघायला लागली, हे काय थोडं झालं? दोन्ही म्हणणी खरी आहेत. तुम्ही घरात यावर चांगला वाद घाला.

पण एका गोष्टीवर दोन्ही बाजूंनी एकमत व्हायला हरकत नाही. पृथ्वीजवळच्या उपग्रहांची आणि त्यांच्या तुकड्यांची नोंद नियमाने ठेवली जाते. सूर्याभोवती सोडून दिलेल्या वस्तूंची तशी एकच पक्की वही नाही. आज अशा वस्तू थोड्या आहेत, म्हणून लघुग्रह समजून झालेली चूक काही तासांत दुरुस्त झाली. उद्या चंद्राकडे आणि मंगळाकडे शेकडो याने जाऊ लागली तर? एखादा खराखुरा, धोक्याचा दगड आपल्याकडे येत असेल, आणि आपण म्हणू, ‘अरे, ती जुनी गाडी असेल!’ किंवा उलट, जुन्या गाडीच्या मागे मोठ्या दुर्बिणींचा मोलाचा वेळ वाया जाईल. म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ सांगताहेत, की जो कुणी काही दूरवर पाठवेल, त्याने त्याचा रस्ताही सगळ्यांना सांगावा.

आता ते २०९१ साल पाहा. आज दहा-बारा वर्षांचे असलेले तुम्ही तेव्हा ऐंशीच्या जवळ पोचलेले असाल. तुमच्यातलं कुणी तोवर वेधशाळेत आयुष्यभर काम करून निवृत्तही झालेलं असेल. दुर्बिणीत एक अंधुक ठिपका सरकताना दिसेल आणि कुणीतरी नातवंड विचारेल, ‘हा नवा लघुग्रह कोणता?’ तेव्हा नाव सांगता यावं, म्हणून टाचण्या-दोऱ्याचा तो कागद जपून ठेवा. आणि त्याच्या मागे तारीख घाला: ६ फेब्रुवारी २०१८, फलाट ३९-ए.